दुसरी चावी आतच ठेवून दार ओढलंत का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी परळला राहतो, रिटायर आहे आणि सोसायटीचा सेक्रेटरी आहे (दुसरं कोणी तयार होत नाही म्हणून). २०१० च्या शेवटी घेतलेला लॅपटॉप आहे, विंडोज ७ होम बेसिक, सगळं आधीच टाकून आलेलं, वर्ड-एक्सेलपण त्यातलंच, ते बाजूला जाहिरात दिसणारं. बॉक्समध्ये सीडी एकही नव्हती. मेंटेनन्सचा सगळा हिशोब त्याच एक्सेलमध्ये आहे. हल्ली मधूनच आतून टकटक आवाज येतो. मुलगा म्हणतो भंगारात द्या, पण मला हाताला हाच बसलाय. ह्याच्या सीडी आता बनवता येतील का?

उत्तर: काका, येतील, पण तो टकटक आवाज वाचून मीच घाबरले, हार्ड डिस्क जायला आली की असा आवाज येऊ शकतो. सीडीचं नंतर बघू, आधी हिशोबाच्या फायली, फोटो, जे काही तुमचं स्वतःचं आहे ते पेनड्राइव्हवर घ्या, हे वाचून झालं की लगेच. कारण आपण ज्या रिकव्हरी डिस्क बनवणार आहोत त्यात तुमची एकसुद्धा फाइल येत नाही, फक्त कंपनीने दिलेलं विंडोज, ड्रायव्हर (आवाज, वायफाय वगैरे चालवणारे छोटे प्रोग्राम) आणि सोबतचे प्रोग्राम येतात, आणि त्या डिस्क वापरून लॅपटॉप पहिल्यासारखा करायला गेलात की सी ड्राइव्हवरचं, काही कंपन्यांत तर अख्ख्या हार्ड डिस्कवरचं, सगळं पुसलं जातं. पुष्कळ जण इथेच रडतात.

आता सीडी का नव्हती ते. त्या काळात कंपन्यांनी डिस्क देणं बंद करून हार्ड डिस्कचाच एक कोपरा राखून ठेवायला सुरुवात केली, साधारण १० ते २० जीबीचा, त्यात विंडोजची कॉपी. म्हणजे कसं, चाळीत आपण दुसरी चावी शेजारच्या वहिनींकडे ठेवतो, ह्यांनी ती आपल्याच कपाटात ठेवलीय. विंडोज बिघडलं तर हा कोपरा कामाला येतो, पण हार्ड डिस्कच गेली तर दोन्ही एकदम जातात. म्हणून तो बाहेर काढून डीव्हीडीवर ठेवायचा.

तो कोपरा अजून आहे का ते आधी बघा. कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मॅनेज, मग डिस्क मॅनेजमेंट. तिथे १०० एमबीचा सिस्टिम रिझर्व्हड दिसेल, तो हा नव्हे, मोठा असतो तो. माझ्या बाबांच्या लॅपटॉपमध्ये एका दुरुस्तीवाल्याने "जागा वाया जाते" म्हणून तो उडवून टाकला होता, वर तेवढी जागा मोकळी करून दिली म्हणून पैसेही घेतले, आणि बाबांनी चहा पाजला ते वेगळंच.

तुमच्या कंपनीचं नाव इथे छापत नाही, त्यामुळे सगळ्यांचंच सांगते. स्टार्ट मेन्यूत रिकव्हरी शब्द टाइप करा. एचपीमध्ये रिकव्हरी मॅनेजर सापडेल, एसरमध्ये ई-रिकव्हरी मॅनेजमेंट, तोशिबात रिकव्हरी मीडिया क्रिएटर, लेनोवोत वनकी रिकव्हरी. एसरवाल्यांना दोन पर्याय दिसतात, एक पूर्ण फॅक्टरी डिस्क आणि एक फक्त ड्रायव्हर आणि अ‍ॅप्लिकेशनची, दोन्ही बनवा. विंडोजच्या स्वतःच्या बॅकअपमध्ये "सिस्टिम रिपेअर डिस्क" असं एक असतं, त्याला भुलू नका, त्यात विंडोज नसतं, नुसती दुरुस्तीची हत्यारं असतात, लोक ती एक सीडी जपून ठेवतात आणि पाच वर्षांनी कळतं की आत काहीच नाही.

डीव्हीडी साध्या घ्या, डीव्हीडी-आर किंवा प्लस-आर, पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू नकोत, बऱ्याच रिकव्हरी प्रोग्रामना त्या चालत नाहीत. एकीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर मोजतो ४.३७, त्यामुळे तीन ते पाच लागतील, तुम्ही आठ-दहा आणा, एखाददुसरी वाया जातेच. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर विचारा, आपल्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे आता मिळतील असं वाटत नाही. लॅपटॉपचा डीव्हीडी लिहिणारा रायटर मेला असेल तर यूएसबीचा बाहेरून लावायचा रायटरही तिथेच बघा.

बनवताना चार्जर लावून ठेवा आणि पिन हलणार नाही असं बघा, तुमची बॅटरी एव्हाना नावालाच असणार, पिन निघाली की डिस्क फुकट. अँटिव्हायरस बंद, स्लीप बंद, स्पीड विचारला तर कमीतला द्या, आणि व्हेरिफायला (लिहिलेलं तपासून बघू का) हो म्हणा, वेळ जाईल पण जाऊदे. बनवताना टकटक वाढली आणि आकडा पुढे सरकेना तर थांबवा, ओढत बसू नका. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा हार्ड डिस्कची तब्येत सांगणारा फुकट प्रोग्राम चालवून बघितलात तर बरं, पिवळं "कॉशन" किंवा लाल "बॅड" दाखवलं तर नवी हार्ड डिस्क आणायचीच आहे असं धरून चाला, जुनीपेक्षा लहान घेऊ नका, काही रिकव्हरी डिस्क लहान डिस्कवर अडून बसतात.

एक खोच आहे. एचपीसारख्या काही कंपन्यांचा प्रोग्राम हा सेट एकदाच बनवू देतो, दुसऱ्यांदा साफ नाही म्हणतो. म्हणून सेट झाला की इमगबर्न ह्या प्रोग्रामने प्रत्येक डीव्हीडीची आयएसओ फाइल (म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फायलीत नक्कल) काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवा. मुंबईच्या जुलैत दमट कपाटात डीव्हीडीला बुरशी येते हो, मी स्वतः पुसलीय. डिस्कवर नंबर सीडी मार्करने टाका, बॉलपेनने नको. आणि पहिली डिस्क घालून लॅपटॉप त्यावरून चालू होतो का तेवढं बघा, रिकव्हरीचा पहिला पडदा आला की कॅन्सल करा.

लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरचा फोटो काढा, विंडोजची २५ अक्षरांची "प्रॉडक्ट की" (परवान्याचा नंबर) त्यावर असते आणि घासून पुसट होते.

तुमचं ते जाहिरातवालं एक्सेल म्हणजे ऑफिस स्टार्टर २०१०, ते नव्या कॉम्प्युटरबरोबरच यायचं, दुकानात वेगळं मिळत नव्हतं, त्यामुळे परत हवं तर ह्याच डिस्क. मात्र त्या लावल्यावर विंडोज २०१० सालचं येईल, आणि विंडोज ७ चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नवे अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपलाय. सोसायटीचा हिशोब करा, सोसायटीचं नेटबँकिंग त्यावर नको.

प्रश्न: गिरगावात आमचं लग्नपत्रिकांचं छोटं काम आहे. विंडोज एक्सपीचा जुना डेस्कटॉप, त्यात पेजमेकर (पानं मांडायचा प्रोग्राम) आणि श्रीलिपी (मराठी फॉन्टचा), सीडी हरवल्या. प्रोग्राम फाइल्सचा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केला तर दुसऱ्या मशीनवर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार दादा. प्रोग्रामचे अर्धे धागेदोरे विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या नोंदवहीत असतात, फोल्डर उचललात तर ते मागेच राहतात. अख्ख्या हार्ड डिस्कचीच नक्कल करा, क्लोनझिला नावाचा फुकट प्रोग्राम सीडीवरून चालतो, तेवढीच किंवा मोठी डिस्क घ्या, फक्त तुमची डिस्क रुंद पट्टीसारख्या केबलची जुनी आयडीई असेल तर तशीच मिळवावी लागेल. नक्कल त्याच मशीनला परत लावायची आहे हे लक्षात ठेवा, दुसऱ्या मशीनवर एक्सपी रुसतं. फॉन्टच्या फायली मात्र विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून कॉपी करून घ्या, तुमच्या जुन्या पत्रिका युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या मराठीत) नाहीत, फॉन्ट गेला की "श्री गणेश प्रसन्न"च्या जागी नुसती इंग्रजी खूणचिन्हं दिसतील. चांगल्या चालणाऱ्या डिझाइनच्या पीडीएफ आत्ताच काढा. आणि मागे पोर्टला लावलेलं लॉक (छोटा प्लग, तो नसेल तर प्रोग्राम उघडत नाही) असेल तर त्याची नक्कल क्लोनझिलात येत नाही, ते डेस्कटॉप विकताना त्याच्याबरोबर गेलं अशी दोन उदाहरणं मला माहीत आहेत, तेव्हा डेस्कटॉप विकण्याआधी ते काढून ड्रॉवरमध्ये टाका.