वाचक विचारतात : वांग्याच्या जाळीला ग्रँट मिळेल का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो, नोकरी सांभाळून दीड एकर जमीन भाड्याने घेतलीये, त्यात मेथी, भेंडी, वांगी लावतो आणि शनिवारच्या बाजारात आपली माणसं हातोहात उचलतात. आता हाय टनेल, म्हणजे कमानींवर प्लास्टिक ताणलेला मांडव, उभा करायचाय, ड्रिप टाकायचंय. सेअर नावाची सरकारी ग्रँट असते म्हणे, त्यातून होईल का हे? आणि दरवर्षी ते बारीक काळे किडे वांग्याच्या रोपांची चाळण करतात, त्यांचं काय करू?

उत्तर : दादा, टनेल आणि ड्रिपसाठी सेअर नाही. टनेलसाठी एनआरसीएस, म्हणजे कृषी खात्याची माती-पाणी जपणारी शाखा, तिच्या जवळच्या ऑफिसात जाऊन अशा खर्चाला हातभार लावणाऱ्या इक्विप योजनेचं विचारा, फक्त करार मंजूर व्हायच्या आधी एक पाइपसुद्धा रोवू नका, आणि जमीन भाड्याची आहे तर कराराची सगळी वर्षं ती तुमच्याकडेच राहील असा कागद मालकाकडून आधी घेऊन ठेवा.

सेअर हा अमेरिकेच्या कृषी खात्याचा 1988 पासूनचा कार्यक्रम, टिकाऊ शेतीच्या संशोधनाला आणि शिक्षणाला पैसे देणारा. देशाचे चार विभाग केलेत, न्यू जर्सी ईशान्य विभागात येतं आणि त्याचा कारभार व्हर्माँट विद्यापीठातून चालतो. मला सगळ्यात आवडते ती त्यातली फार्मर ग्रँट, कारण तिथे प्रयोग शेतकऱ्याने स्वतःच्या रानात करायचा असतो आणि त्यात गेलेल्या तुमच्या वेळेचेही पैसे मागता येतात. पण ती शेत वाढवायला मिळत नाही, दुसऱ्या शेतकऱ्यांनाही ज्याचं उत्तर हवंय असा प्रश्न लागतो.

आणि तो तुम्ही शेवटच्या ओळीत लिहून टाकलाय की! ते किडे म्हणजे बहुतेक फ्ली बीटल, हात लावला की टुणकन उडतात आणि पानाला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पाडतात. रोपं लावल्या दिवशीच बारीक जाळी घालून कडा मातीत दाबल्या तर ते आत शिरत नाहीत, पण फुलं आली की जाळी काढायची की ठेवायची? काढली तर किडे येणार, ठेवली तर मधमाश्या आत येणार नाहीत मग फळ कितपत धरेल, हेच आपल्या देशी वांग्यावर बघायचं. समजा बारा वाफे केले, चार उघडे, चार फुलापर्यंत झाकलेले, चार शेवटपर्यंत झाकलेले, कुठला कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि दर तोड्याला वाफ्यागणिक वांगी वेगळी तोलायची. झाला की प्रयोग!

अर्जात तांत्रिक सल्लागार लागतो, त्यासाठी रटगर्स विद्यापीठाच्या एक्स्टेन्शनवाल्यांना, म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या मंडळींना, भेटा. त्याआधी सेअरच्या साइटवर जुन्या प्रोजेक्टचे रिपोर्ट आहेत, कोणालाही फुकट वाचता येतात, त्यात एगप्लांट टाकून शोधा म्हणजे आधी कोणी काय करून बघितलंय ते कळेल. रकमा आणि तारखा त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. आणि एक्स्टेन्शनला जाताना चार खाल्लेली पानं पिशवीत घालून न्या.