फ्लेक्स लावशील रे, पण पुढच्या वर्षी कोण येणार?

भाच्या,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला, चहा तसाच गार झाला. तुमच्या फुटबॉल टीमचा सात नंबरचा पोरगा गेल्याचं मला आधीच कळलं होतं, पेठेत कळायला वेळ लागत नाही. वाईट वाटलं वगैरे लिहीत बसत नाही, तुला ठाऊकाय ते.

आता तुमच्या ग्रुपवर जे चाललंय त्याबद्दल. एकाला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गेटवर 20 फुटी फ्लेक्स हवाय, एकाला मॅचआधी शांतता, एकाला सातव्या मिनिटाला टाळ्या, आणि कुणीतरी म्हणतंय सात नंबरची जर्सीच बंद करायची. वर तुला भीती की समोरच्या पेठेची पोरं शांततेत हुर्यो उडवतील. आणि मला विचारतोयस यातलं बरोबर काय. अरे चारही करा की, कुणी अडवलंय! मला फक्त एवढं सांग, पुढच्या वर्षी त्या तारखेला कोण येणार? एवढा लांबलचक मेसेज लिहिलास, त्यात पुढचं वर्ष कुठंच नाही.

टाळ्यांचं घे. बार्सिलोनात एस्पान्योल म्हणून क्लब आहे, त्यांचा कॅप्टन दानी हार्के 2009 च्या ऑगस्टमध्ये गेला, 26 वर्षांचा, सीझनआधीच्या कॅम्पमध्ये हार्ट बंद पडलं. त्याचा नंबर 21. तेव्हापासून 21 वं मिनिट लागलं की त्यांची माणसं टाळ्या वाजवतात, टीम हरत असली तरी, पाऊस असला तरी, त्याला खेळताना कधी बघितलेलंच नाही अशी पोरं आता त्यात असतात. सात नंबरला सातव्या मिनिटाला टाळ्या एकदा वाजवणं सोपंय रे. तुमची टीम 0-2 नं मागं असताना, तिसऱ्या सीझनला, कोण वाजवणार?

आणि त्याच हार्केचं नाव बनियनवर लिहून 2010 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये गोल मारून दाखवला कुणी, तर बार्सिलोना क्लबच्या इनिएस्ताने, म्हणजे त्याच गावातल्या दुसऱ्या पेठेच्या पोरानं म्हण. पुढं तो एस्पान्योलच्या मैदानावर खेळायला गेला तेव्हा तिथल्या लोकांनी उभं राहून त्याला टाळ्या दिल्या. तेव्हा समोरच्या पोरांचं तू आधीच ठरवून टाकू नको.

म्युनिकचं विमान 6 फेब्रुवारी 1958 ला पडलं, 23 माणसं गेली, त्यात मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू. 50 वर्षं झाली त्याच आठवड्यात, 10 फेब्रुवारी 2008 ला, युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर मॅच कुणाशी, तर त्याच गावातल्या मँचेस्टर सिटीशी. सगळ्यांना हीच धास्ती, सिटीवाले शांतता मोडणार. सिटीच्या सपोर्टर्स क्लबनंच सुचवलं होतं की शांतता नको, टाळ्या ठेवा. (टाळ्यांचा एक फायदा उघड आहे, कुणी शिट्टी मारली तरी ऐकू येत नाही.) पण युनायटेडनं शांतताच ठेवली, आणि सिटीची माणसं गप्प उभी राहिली. त्यांचा स्वतःचा जुना गोलकीपर फ्रँक स्विफ्ट पत्रकार म्हणून त्याच विमानात होता, तोही गेला होता. तुमच्या सात नंबरचे त्या पेठेत मामा-मावशी, शाळेतले दोस्त नाहीत का? जा, त्यांच्या कट्ट्यावर जाऊन बोल. ग्रुपवर स्टेटस टाकून कुणी गप्प बसत नसतं.

पण मला खरं सांगायचंय ते लिव्हरपूल क्लबचं. 15 एप्रिल 1989, शेफील्डचं हिल्सबरो स्टेडियम, एफए कपची सेमीफायनल, गर्दीत चेंगरून लिव्हरपूलची माणसं मेली, शेवटी आकडा 97 झाला. आठवड्याभरात त्यांचं अ‍ॅनफिल्डचं मैदान फुलांनी भरलं, त्याच गावातल्या एव्हर्टन क्लबच्या मैदानापासून अ‍ॅनफिल्डपर्यंत स्टॅनली पार्कमधून लोकांनी स्कार्फला स्कार्फ बांधत नेला, निळा आणि लाल. मिलानमध्ये रिअल माद्रिदशी मॅच चालू असताना रेफरीनं खेळ थांबवला आणि तिथली माणसं लिव्हरपूलचं गाणं म्हणायला लागली. हे सगळं पहिल्या आठवड्यातलं. फोटो निघतात ते याचेच.

पुढचं ऐक. पोलिसांनी पहिल्या दिवसापासून दोष प्रेक्षकांवरच ढकलला होता. आणि लिव्हरपूलची माणसं दर 15 एप्रिलला अ‍ॅनफिल्डवर जमत राहिली. 2009 ला, विसाव्या वर्षी, ब्रिटनचा मंत्री अँडी बर्नहॅम भाषणाला उभा राहिला तर सगळ्या गॅलरीनं न्याय द्या न्याय द्या म्हणून त्याचं भाषण थांबवलं. त्यानंतर चक्रं फिरली, चौकशी पॅनल बसलं, 2012 ला रिपोर्ट आला, 2016 ला ज्युरीनं सांगितलं की चेंगरून मेलेली माणसं बेकायदेशीरपणे मारली गेली, प्रेक्षकांची चूक नव्हती. 27 वर्षं! एकोणिसाव्या वर्षी कंटाळून घरी बसले असते तर?

आपल्याकडचंही आहे की. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅचमध्ये 16 प्रेक्षक मेले, कलकत्त्यात अजून त्या तारखेला रक्तदान करतात. मला हे सगळ्यात आवडतं. वाद नाही, डीजे नाही, बाटली भरते.

तू म्हणशील मामा तारखेवरून एवढा का पेटलाय. आमच्या टीमचा स्टॉपर, म्हणजे बचावातला गडी, 94 साली गेला. आम्ही काळ्या फिती लावून खेळलो, जिंकलो, रडलो, स्टेडियमपासून त्याच्या घरापर्यंत चालत गेलो, दर वर्षी येणार म्हणून त्याच्या आईला शब्द दिला. पहिल्या वर्षी तिनं परातभर पोहे केले, आम्ही तीसेक जण होतो. दुसऱ्या वर्षी चौघं. तिसऱ्या वर्षी माझी पुण्याला बदली झालेली, मार्च एंड, साहेब सुट्टी देईना, तेव्हा मोबाईल नव्हते, आता तू सांग मी काय करणार होतो? एसटी होती म्हणा. रात्रीची होती. नंतर कळलं की तिनं त्याही वर्षी पोहे केले होते, आणि संध्याकाळी शेजारी वाटले. पुढं मी परत कोल्हापुरात आलो तोवर ती गेली होती. आता मी त्या तारखेला स्टेडियमच्या गेटपर्यंत जाऊन येतो, कुलूप असलं तरी. तुझी मामी म्हणते याला वेड लागलंय. लागू दे.

म्हणून सांगतो, फ्लेक्स छापायच्या आधी वही घे आणि पुढच्या वर्षी येणाऱ्यांची नावं लिही, ज्याला जमणार नाही त्यानं आत्ताच नाही म्हणावं, दहाच निघाली तर दहा. सीझन संपलेला असेल, मैदान मिळणार नाही, ते आधी बघून ठेव. जर्सी बंद करायची तर तिच्या घडीची जबाबदारी एकाकडं दे, नाहीतर तालमीतल्या कपाटात कसर लागेल. फ्लेक्सवर कुठला फोटो घ्यायचा ते त्याच्या आईला विचार, आणि खाली शुभेच्छुकांसारखी स्वतःची 40 तोंडं लावू नका, पाया पडतो.

मॅच किती वाजता ते कळव. दुपारची असेल तर मला जेवून निघावं लागतं, शुगर आहे. आणि त्या वहीत माझं नाव पहिलं लिही.

तुझा मामा