कबड्डी टीव्हीवर दिसते, मग कुस्ती का नाही?

"यात्रेतल्या कुस्त्यांना माणूस मावत नाही, तरी चॅनेलवाले कबड्डीच का उचलतात?" असं विचारलंयत. काही वर्षं जाहिरात एजन्सीत टीव्हीचे स्लॉट घ्यायच्या कामात होतो, तिथून जे दिसलं ते सांगतो.

गर्दी किती जमते, हा चॅनेलचा पहिला प्रश्न नसतोच. सामना कधी सुरू होणार, कधी संपणार आणि मधे जाहिरात कुठे घालायची, हे आधी बघतात. क्रिकेट इथेच बाजी मारतं. दर षटकानंतर थोडी उसंत, विकेट पडली की आणखी थोडी. फुटबॉलवाल्यांना मध्यंतरापर्यंत थांबावं लागतं.

आता निकाली कुस्ती घ्या, म्हणजे कुणीतरी चितपट होईपर्यंत चालणारी. घिस्सा डाव बसला तर अर्ध्या मिनिटात चितपट, नाहीतर दोघं पाऊण तास नुसती खडाखडी, म्हणजे एकमेकांचा अंदाज घेत झटापटच करतायत. त्यात मोठी जोड, म्हणजे मुख्य कुस्ती, कधी लागणार हे पंचांनाही सांगता येत नाही, कारण पुढाऱ्यांचे सत्कार उरकायचे असतात! दहा सेकंदांच्या हिशोबानं वेळ विकणाऱ्यानं हे गिऱ्हाइकाला काय सांगून विकायचं?

कबड्डी या हिशोबात चपखल बसली. 20-20 मिनिटांचे दोन डाव, 30 सेकंदांची चढाई, वर छत असल्यामुळे पावसाची भीती नाही. 2014 मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीनं 'करो या मरो' चढाईही रुळवली: लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. आघाडी घेऊन वेळ काढत बसायची सोय गेली, आणि तीच टीव्हीला सगळ्यात जास्त नडणारी होती.

मालकीचा मुद्दा मात्र सहसा कुणी काढत नाही. आयपीएलच्या 2018 ते 2022 च्या प्रक्षेपण हक्कांना 16,347.5 कोटी पडले, पुढच्या पाच वर्षांच्या हक्कांना 48,390 कोटी. एवढं मोजूनही मुदत संपली की परत बोलीला उभं राहायचं. कबड्डीत स्टार या चॅनेल कंपनीनं लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्येच 74 टक्के हिस्सा घेतला. खेळ वाढला तर फायदा घरातच राहणार, मग जीव ओतून प्रोमो का नाही करणार?

(दूरदर्शनची गोष्ट वेगळी. भारताचे क्रिकेट सामने तिथे दिसतात ते 2007 च्या कायद्यामुळे. राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी चॅनेलना प्रसार भारतीला द्यावंच लागतं.)

खो-खोचाही प्रयत्न झाला. 2022 मध्ये अल्टिमेट खो-खो ही लीग पुण्यात बालेवाडीला भरली, सोनीवर दिसली, 'वजीर' (कुठल्याही दिशेनं पळू शकणारा पाठलाग करणारा गडी) वगैरे नवे नियमही आणले. पण या खेळात कॅमेऱ्याची पंचाईत होते. जवळून दाखवलं तर पाटीवर बसलेले गडी चौकटीबाहेर, लांबून दाखवलं तर हुलकावणी दिसत नाही, आणि खरी मजा तर त्या हुलकावणीतच.

तुमच्या तालमीला खरंच प्रक्षेपण हवं असेल तर जोडांच्या वेळा आधी छापा, प्रत्येक कुस्तीला मिनिटांची मर्यादा घाला आणि सत्कार सकाळीच उरकून घ्या. एखादं स्थानिक केबल चॅनेल तेवढ्यावरही तयार होईल.