‘काय जागा घेतली!’ म्हणजे नक्की काय घेतलं?

प्रश्न : माझी सून धारवाडची, माहेरी सगळे कानडी बोलणारे. लग्नाला आठ महिने झालेत, मराठी भराभर शिकतीये, पण परवा अगदी वैतागून म्हणाली, आई, बाबा जागा बघायला तळेगावला गेलेत, टीव्हीवर जागांवरून भांडणं चाललीयेत, हे रात्री विचारतात जागी आहेस का, आणि तुम्ही काल गाणं ऐकताना म्हणालात काय सुंदर जागा घेतली, मला वाटलं त्या गायिकेने फ्लॅट घेतला! तिला नीट कसं समजावू? – एक सासूबाई, पुणे

उत्तर : काकू, आधी तिला सांगा की तिचं काहीच चुकलेलं नाही, कारण हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत जे मराठीत सारखे दिसतात. ठिकाणवाली जागा फारसीतून आली, तिकडे ‘जा’ म्हणजे ठिकाण आणि ‘गाह’ म्हणजेही ठिकाण, ईदगाह आणि दर्ग्यात आहे ना तेच, दोन्ही मिळून जायगाह आणि आपल्या तोंडी घासून घासून जागा. जहागिरीतला ‘जा’ हाच, ‘बेजा फायदा घेतला’ म्हणतो त्यातलाही हाच. कानडीत तर जाग म्हणजे ठिकाणच, त्यामुळे हा अर्थ सुनेला घरूनच येत असणार. ‘जागी आहेस का’ मधली जागी मात्र संस्कृतच्या जागृ धातूवरून आलेली, तिचा ठिकाणाशी काही संबंध नाही.

ओळखायचं कसं, तर झोपेशी संबंध असलेला शब्द माणसाप्रमाणे बदलतो, बाबा जागे, मुलगा जागा, मुलगी जागी, बाळ जागं. ठिकाणाची जागा कायम स्त्रीलिंगी, एक जागा, दहा जागा, प्रत्यय लागला की जागेवर, जागेत, जागांवरून. घोळ होतो तो फक्त ‘जागी’चा. ‘आई जागी होती’ आणि ‘आईच्या जागी मावशी होती’. दुसऱ्या वाक्यात आधी ‘च्या’ किंवा ‘त्या’ असं काहीतरी येतंच, तेवढं तिने पकडलं तरी पुरे.

मग ठिकाणाच्या जागेची पुढची गंमत तिला बाहेर पडलं की आपोआप कळेल. एसटी स्टँडवर गाडी लागता लागता लोक खिडकीतून आत रुमाल टाकतात, पिशवी टाकतात, कधी कधी तर लहान पोराला उचलून आत सोडतात, ह्याला जागा धरणं म्हणतात आणि तो रुमाल उचलून खाली टाकायची हिंमत सहसा कोणी करत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये उभा असलेला माणूस बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ विचारतो, दादर म्हटलं की दादरपासून ती जागा याची. घराच्या बाबतीत, मुंबईत ‘ठाण्याला जागा घेतली’ म्हणजे फ्लॅट, गावाकडे मात्र जागा म्हणजे मोकळा प्लॉट, आणि लगेच पुढचा प्रश्न किती गुंठे? (एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, तळेगावला जाताना बाबांना हे माहीत असेलच.) तलाठ्याच्या जागा निघाल्या म्हणजे भरती. टीव्हीवरच्या जागा म्हणजे विधानसभेच्या 288 नाहीतर लोकसभेच्या 48, त्यातल्या कुणी किती लढवायच्या याचं जागावाटप. शिवाय डोकं जागेवर नसणं, एखाद्याला त्याची जागा दाखवणं, आणि मला फार आवडणारं ‘जागची हलली नाही’.

पण काकू, सगळ्यात सुंदर अर्थ तुमच्या तोंडून आलाय. गाण्यातली जागा. गाणारा ओळ सरळ म्हणत जातो, मग एका शब्दावर किंचित थांबतो, दोन-तीन सूर हलकेच वळवतो आणि कुणाला कळायच्या आत परत मूळ सुरावर येऊन बसतो, सगळं मिळून एक-दोन सेकंद. हरकत, मुरकी ही त्या वळणांची नावं झाली, जागा म्हणजे ते वळण नेमकं जिथे शोभलं ते. मी लहानपणी गाणं शिकायला जायचे तेव्हा बाई एकाच ओळीवर अर्धा तास घालवायच्या, सूर सगळे बरोबर असायचे तरी म्हणायच्या, जागा नाही आली, परत घे. आणि ज्या दिवशी आली त्या दिवशी बाईंनी पेटीचा भाता सोडला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. सुनेला शब्दांनी समजवायला जाऊच नका, तेच गाणं परत लावा, ती जागा आली की तिचा हात धरा, कळेल तिला.

प्रश्न : ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ यात झोपेचा काय संबंध? – दहावीतला एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : आहे संबंध. जागणं म्हणजे नुसतं न झोपणं नाही, भान ठेवणं. तुझ्याकडे ज्वारी कणसात आली की रात्री राखणीला जातात त्याला जागल म्हणतात ना, तिथे डोळे उघडे ठेवायचे ते पिकासाठी. गावाच्या राखणदाराला जागल्या म्हणायचे आणि आता ऑफिसातला घोटाळा उघड करणाऱ्यालाही पेपरात जागल्याच म्हणतात, फार नेमका शब्द सापडलाय. खंडोबाचं जागरण, आश्विन पौर्णिमेची कोजागरी (को जागर्ति, म्हणजे कोण जागं आहे) सगळं त्याच घरातलं. तसंच मिठाला, शब्दाला, उपकाराला जागायचं, म्हणजे त्याचं भान सुटू द्यायचं नाही.

प्रश्न : आम्ही इंदूरचे. इथे शाळेच्या नोटिशीत अवकाश म्हणजे सुट्टी, मराठी पेपरात अवकाश म्हणजे रॉकेट, आणि आई म्हणते ‘स्वयंपाकाला अजून अवकाश आहे’. खरं कोणतं? – एक वाचक, इंदूर

उत्तर : तिन्ही खरी. मूळ अर्थ मोकळीक. ती कामातून मिळाली की हिंदीत सुट्टी झाली, डोक्यावरची अफाट मोकळीक ती मराठीत अवकाश, म्हणून आपण इस्रोला भारतीय अवकाश संशोधन संस्था म्हणतो आणि तुमच्या हिंदी पेपरात अंतरिक्ष येतं. आईचा अवकाश वेळेतला आहे, दोन गोष्टींच्या मधे उरलेली मोकळी जागा. तोच वेळ अजिबात उरला नाही तरी शब्द हाच, ‘मी हाक मारायचा अवकाश की पोरं हजर’. आणि याच अवकाशाला ‘स’ लावला की सावकाश, म्हणजे मोकळीक ठेवून, घाई न करता. तुमच्याकडेही मराठी घरातल्या लग्नात पंगत बसते ना, वाढून झालं, श्लोक झाला की यजमान हात जोडून पानापानावरून फिरतात आणि म्हणतात, सावकाश होऊ द्या.