पितळी नळीची बेंजामिन

प्रश्न : आमच्या साताऱ्यातील घरी दिवंगत काकांची ‘बेंजामिन ३१७’ ही पंप मारून हवा भरायची जुनी अमेरिकन बंदूक आहे. तिचा काळा रंग जागोजागी उडाला असून भरलेली हवा टिकत नाही. ती पॉलिश करून घ्यावी का? अशा बंदुकांचा संग्रह करण्याची माझी इच्छा आहे. अमेरिकेतील आतेभाऊ ‘शेरिडन ब्लू स्ट्रीक’ आणून देतो म्हणतो; ती आणावी काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पॉलिश मुळीच करून घेऊ नये. सेंट लुईसच्या बेंजामिन कंपनीच्या या जुन्या बंदुकांची नळी पितळेची असते. त्यावर निकेलचा मुलामा व वर काळा थर असल्याने, हात लागून लागून आधी रुपेरी निकेल आणि मग पिवळे पितळ उघडे पडते. जाणते संग्राहक ही नैसर्गिक झीज आनंदाने स्वीकारतात; परंतु बफिंगच्या चाकावर धरलेल्या बंदुकीवरील कोरीव अक्षरे पुसट होतात आणि उरलेला मूळ थरही कायमचा जातो. कोरड्या सुती कापडाने पुसणे एवढेच पुरे आहे.

हवा न टिकणे हा दोष मात्र बहुधा दुरुस्त होतो. जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीत स्प्रिंगच्या धक्क्याने ऐन वेळी हवा दाबली जाते; तुमच्या बंदुकीत नळीखालचा दांडा उघडमीट करून दट्ट्याने हवा आधीच कप्प्यात साठवली जाते आणि चाप ओढल्यावर हातोडी झडपेवर आदळून ती सोडते. म्हणून नळीत छर्रा नाही याची खात्री करून दोन-तीन पंप मारावेत व नीट ऐकावे. दांड्याला जोरच लागत नसेल, तर दट्ट्याचा वॉशर सुकला किंवा झिजला आहे. नळीतून सूं असा आवाज आल्यास हवा सोडणारी झडप गळते आहे. दांडा आपोआप उघडू लागल्यास हवा आत घेणारी झडप गळते आहे. स्टोव्हच्या पंपाप्रमाणे येथेही वॉशर ओला हवा. मात्र खोबरेल तेल साताऱ्याच्या थंडीत गोठते, म्हणून डिटर्जंटविरहित ३० ग्रेडच्या इंजिन तेलाचे दोन थेंब वॉशरला द्यावेत. मर्यादेबाहेर पंप मारू नयेत, कारण दाब फार वाढला की हातोडीला झडप उघडता येत नाही.

आता शेरिडनविषयी. विस्कॉन्सिनमधील रसीन येथे १९४९ पासून तयार होऊ लागलेली ब्लू स्ट्रीक अतिशय देखणी व नेमकी बंदूक आहे, हे खरे. परंतु तिच्या नळीचा आतील व्यास ५ मिलिमीटर आहे. आपल्याकडील २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक व्यासाच्या किंवा छर्र्याला २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा देणाऱ्या हवाई बंदुकीस परवाना लागतो. बेंजामिनच्या जुन्या मालिकांत शेवटचा अंक येथे उपयोगी पडतो : ३१७ व ३४७ या ४.५ मिलिमीटरच्या, तर ३१२ व ३४२ या ५.५ मिलिमीटरच्या, म्हणजे परवान्याच्या कक्षेतील. संग्रह वाढवायचा असल्यास मी सातवर संपणाऱ्या क्रमांकांचाच आग्रह धरीन, आणि त्यांचीही ऊर्जा तपासून घेईन. बंदूक परदेशातून सामानात आणणे ही आणखी वेगळी बाब असून, जिल्हाधिकारी कार्यालयाची शस्त्र परवाना शाखा आणि सीमाशुल्क विभाग यांच्याकडून लेखी उत्तर मिळेपर्यंत आतेभावास होकार कळवू नये.