अंतिम वर्षाच्या संगणक प्रकल्पावरील शोधनिबंध आयईईईच्या साच्यात कसा बसवावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: चौघांनी मिळून द्राक्षाच्या पानांवरील रोग ओळखणारी प्रणाली तयार केली आहे, साठ पानांचा अहवाल लिहून झाला आहे, गाईडनी आता ‘सहा पानांत आयईईई फॉरमॅटमध्ये (म्हणजे आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ठरावीक मांडणीत) पेपर करून आणा’ असे सांगितले आहे, आणि वर्डमध्ये दोन कॉलम केले की आकृत्या व तक्ते जागेवर राहत नाहीत. मी नाशिकमध्येच संगणक अभियांत्रिकी शिकवते. शेवटच्या सत्रात ही अडचण घेऊन माझ्याकडे दरवर्षी अनेक गट येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मूळ चूक सांगते. तुम्ही अहवालाची फाइल उघडून तिचेच दोन कॉलम करत आहात. ब्लॅक बुक, म्हणजे हा अहवाल, लिहिले जाते ते तुम्ही सगळे काम खरोखर केले आहे हे परीक्षकाला दिसावे म्हणून; शोधनिबंध लिहिला जातो तो त्यात नवे काय आहे, हे अनोळखी वाचकाला कळावे म्हणून. त्यामुळे यूज केस आणि क्लास डायग्राम, व्यवहार्यतेचा अभ्यास, पायथन म्हणजे काय याची ओळख, लॉगिनच्या पडद्याची चित्रे हे सारे अहवालातच राहू द्या. ज्या परिषदेला पेपर पाठवायचा आहे तिच्या संकेतस्थळावरून साचा उतरवून घ्या आणि त्या कोऱ्या साच्यात नव्याने लिहा. साचा निवडताना कागदाचा आकार पाहा: ए-फोर हा २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो आणि अमेरिकन लेटर साधारण २१६ बाय २७९ चा. चुकीचा साचा घेतला तर सगळे पान जुळवून झाल्यावर ओळी सरकतात आणि सहा पानांचा मजकूर सातव्या पानावर जातो.

वर्डमध्ये काम करणार असाल तर एक नियम पाळा: कोणत्याही शीर्षकाचा फॉन्ट हाताने बदलू नका आणि मोकळी जागा करण्यासाठी एंटर दाबू नका. साच्यात शीर्षक, सारांश, मुख्य मजकूर, उपशीर्षक, आकृतीची ओळ अशा प्रत्येकाची स्टाइल तयार असते. ती निवडली की अक्षराचा आकार आणि अंतर आपोआप बसते. वरचा लेखकांचा भाग आणि खालचे दोन कॉलम यांच्यामध्ये त्यांना वेगळे ठेवणारा एक सेक्शन ब्रेक असतो, तो चुकून पुसला गेला की पूर्ण पान विस्कटते. चित्रे ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवा, म्हणजे ती मजकुरासोबतच चालतील. सारांश १५० ते २५० शब्दांचा, एकाच परिच्छेदात, संदर्भक्रमांक आणि समीकरणांशिवाय असावा. शेवटी साच्यातला मूळ सूचनांचा मजकूर पूर्ण काढून टाका; तो तसाच राहिलेले पेपर मी पाहिले आहेत.

आता आकृत्या. इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण आकृती वाचता आली नाही तर निष्कर्षच वाचता येत नाही. आयईईईच्या एका कॉलमची रुंदी साडेतीन इंच असते आणि मजकूर १० पॉइंटचा असतो. समजा, तुम्ही १३६६ पिक्सेल रुंदीच्या पडद्याचा स्क्रीनशॉट घेतला. तो साडेतीन इंचांत बसवला की दर इंचाला सुमारे ३९० पिक्सेल पडतात, त्यामुळे छपाईसाठी सहसा लागणारी ३०० ची घनता ओलांडली गेली म्हणून तुम्ही निश्चिंत होता. पण पडद्यावर १२ पिक्सेल उंच असलेले अक्षर कागदावर जेमतेम २.२ पॉइंटचे उरते. चित्र स्वच्छ असते, अक्षर मात्र वाचता येत नाही. मी पदव्युत्तर शिक्षण घेत असताना माझा पहिला पेपर याच कारणाने परत आला होता. परीक्षकाने एका ओळीत लिहिले होते की आलेखाचे अक्ष वाचता येत नाहीत. तो शेरा वाचून मी गंगापूर रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या पानाची प्रत काढली, तेव्हा अक्षावरचे आकडे मुंग्यांच्या रांगेसारखे दिसत होते. लॅपटॉपवर मोठे करून पाहताना ते मला कधी जाणवलेच नव्हते.

म्हणून आकृती शेवटी ज्या मापात छापली जाणार, त्याच मापात तयार करा. मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या पायथन लायब्ररीची आकृती काही न सांगता ६.४ इंच रुंद येते आणि तिच्यातली अक्षरे १० पॉइंटची असतात; ती कॉलमात दाबली की अक्षरे साडेपाच पॉइंटच्या आसपास येतात. आकृतीचे माप ठरवणाऱ्या फिगसाइजमध्ये रुंदी ३.५ द्या, अक्षरे ८ पॉइंटची ठेवा आणि पीएनजीऐवजी पीडीएफ म्हणून साठवा, म्हणजे रेषा कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत. मात्र ही लायब्ररी पीडीएफमध्ये टाइप ३ प्रकारचे फॉन्ट घालते आणि अनेक परिषदांच्या तपासणीत अशी फाइल अडते; त्यासाठी तिच्या सेटिंगमध्ये पीडीएफच्या फॉन्टटाइपची किंमत ४२ करा. वर्डमध्ये पीडीएफ आकृती नीट बसत नाही, तिथे एसव्हीजी वापरा.

आकृतीची ओळ आकृतीच्या खाली आणि तक्त्याची ओळ तक्त्याच्या वर येते. आकृत्यांना साधे अंक, तक्त्यांना रोमन अंक. अचूकतेच्या आकड्यांत दशांशानंतर सगळीकडे सारखेच अंक ठेवा. एका ओळीत ९६.४ आणि दुसऱ्या ओळीत ९६.३८७१ असेल तर तुलना करणाऱ्याची नजर अडखळते.

तुमच्या विषयासाठी एक तक्ता मी आवर्जून सुचवेन, तो म्हणजे छायाचित्रांच्या संख्येचा. बहुतेक गट प्लांटव्हिलेज हा पिकांच्या पानांच्या छायाचित्रांचा संग्रह वापरतात. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांनी त्यातल्या १४ पिकांच्या ५४,३०६ छायाचित्रांवर केलेले काम प्रसिद्ध आहे. त्यात द्राक्षाचे चार वर्ग आहेत: ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी पान. निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराला ज्या डावणी आणि भुरीची धास्ती असते, ते दोन्ही रोग या चार वर्गांत नाहीत. तुम्ही बागेत जाऊन स्वतः छायाचित्रे काढली असतील तर ती कुठे, कशी आणि प्रत्येक वर्गाची किती, त्यांतली प्रशिक्षणासाठी किती आणि चाचणीसाठी किती, हे पद्धतीच्या विभागात तक्त्याने दाखवा. तुमच्या पेपरमधला सर्वांत मोलाचा भाग तोच ठरू शकतो, आणि बहुतेक गट तो एका वाक्यात उरकतात.

संदर्भ हाताने टाइप करू नका. झोटेरो किंवा मेंडेले या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साठवा. मजकुरात जो आधी येईल त्याला [१], असा क्रम ते आपोआप लावतात. वर्डऐवजी लाटेक, म्हणजे आज्ञा लिहून पान जुळवणारी प्रणाली, वापरणार असाल तर हे काम तिच्यासोबतचे बिबटेक करते, आणि त्यात आपल्याकडच्या नावांची एक हमखास चूक होते. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव असा क्रम असतो, तर बिबटेक शेवटच्या शब्दाला आडनाव समजते. त्यामुळे वडिलांचे नाव आडनाव होऊन छापले जाते आणि खरे आडनाव आद्याक्षरात लपते. आडनावानंतर स्वल्पविराम दिला की हे टळते. तसेच आयईईईची शैली निबंधाच्या शीर्षकातली मोठी रोमन अक्षरे लहान करते, म्हणून शीर्षकात नाशिक हे नाव असेल तर ते महिरपी कंसात ठेवा.

वर्ड की लाटेक, याबद्दल माझे मत असे: पंधरा दिवस हातात असतील आणि पेपरमध्ये समीकरणे असतील तर लाटेक शिका. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी समीकरणांनी भरलेल्या स्वतःच्या पुस्तकाची छापील जुळणी न आवडल्याने १९७७ मध्ये टेक या पान जुळवणाऱ्या प्रणालीचे काम सुरू केले, आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पुढच्या दशकात त्यावर लाटेक उभारले. त्यामुळे समीकरणे त्यात सहज बसतात. ओव्हरलीफ या संकेतस्थळावर लाटेकचे काम ब्राउझरमध्येच होते आणि एकाहून अधिक जणांना एकाच फाइलवर लिहिता येते. संदर्भाच्या जागी प्रश्नचिन्ह दिसले तर आधी बिब या संदर्भांच्या फाइलमधली त्या संदर्भाची किल्ली (त्याचे छोटे नाव) आणि मजकुरातली किल्ली एकच आहे का, ते पाहा. तीनच दिवस उरले असतील तर मात्र वर्डचा साचाच बरा.

पाठवण्यापूर्वी पीडीएफ उघडून फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट आहेत का ते प्रॉपर्टीजमध्ये तपासा, चौघांची नावे एकाच पद्धतीने लिहिली आहेत का ते पाहा, आणि पेपरची एक प्रत शंभर टक्के मापात कागदावर काढून गटाबाहेरच्या कोणाला तरी वाचायला द्या. त्याला आलेखावरचे आकडे चष्मा न सरकवता वाचता आले, तर गाईडकडे घेऊन जा.