काळ्या ऑइलची वही चिरंजीवांकडे द्या

प्रश्न (पत्र थोडक्यात): माझं कराडजवळ महामार्गाला लागून गॅरेज आहे. चारचाकी, पिकअप आणि हंगामात ट्रॅक्टर. मागे वॉशिंगचा रॅम्प, त्यामागे ओढा. मुलगा आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत हाताखाली येतो, पण काळं ऑइल शटरिंगवाल्याला देऊ नका, बॅटरीचं पाणी गटारात ओतू नका, एसीचा गॅस हवेत सोडू नका, असं दिवसभर चालू असतं. गिऱ्हाइकासमोर बोलतो आणि मग आमचं वाजतं. आता आयटीआयनंतर पर्यावरणाचा काहीतरी कोर्स करायचा म्हणतो. त्यात भविष्य आहे का? की शिकलेला हात वाया जाईल? इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर ऑइलच राहणार नाही, मग हे सगळं कशाला, असंही लोक म्हणतात. – एक पालक

नमस्कार,

आयटीआय संपल्या संपल्या त्याला पर्यावरणाच्या वेगळ्या कोर्सला घालू नका. सहा महिन्यांचे, वर्षभराचे असे डिप्लोमे बाजारात भरपूर आहेत. पण कारखान्यात पर्यावरणाचं काम बघायला माणूस घेताना कंपन्या बहुतेक वेळा एम.एस्सी. झालेला किंवा इंजिनिअर शोधतात. आयटीआयवर असा डिप्लोमा जोडलेला मुलगा त्या रांगेत मागेच राहतो. तुमच्या मुलाला इंजिन खोलून पुन्हा बसवता येतं, ते सोडायचं नाही. मात्र तुम्ही ज्याला त्याची कटकट म्हणता, ती आता मेकॅनिकच्या कामातच मोडते आणि मोठ्या वर्कशॉपमध्ये तिच्यावर बढत्याही ठरतात. ते कसं, हे तुमच्याच गॅरेजवरून सांगतो.

तुमच्याकडे दिवसाला चार गाड्यांचं ऑइल बदलतं असं धरू. गाडीमागे साडेतीन लिटर म्हटलं तरी पंचवीस दिवसांत साडेतीनशे लिटर काळं ऑइल निघतं, म्हणजे दोनशे लिटरचे पावणेदोन ड्रम. ट्रॅक्टर आला की त्याचे सात-आठ लिटर वेगळे. यातलं काही शटरिंगवाला फळ्यांना लावायला नेतो, काही कुणी चौकटीला वाळवी लागू नये म्हणून बाटली भरून मागतं, काही वीटभट्टीवर जळायला जातं. ड्रम रिकामा होतो, वर दोन पैसे मिळतात. सगळीकडे असंच चालत आलंय, त्यामुळे तुम्हाला त्यात वावगं वाटलं नाही, हे मी समजू शकतो.

पण इंजिनात हजारो किलोमीटर फिरून आलेल्या त्या ऑइलमध्ये बेअरिंग आणि रिंगांच्या झिजेचे धातूचे कण असतात. अर्धवट ज्वलनातून तयार झालेली, कॅन्सरला कारण ठरणारी रसायनंही त्यात उतरलेली असतात. भट्टीत जाळलं की ते धुरात जातं, फळीवरून पावसाने धुतलं गेलं की मातीत मुरतं. ओढ्यात गेलं तर पाण्यावर तवंग धरतो आणि खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. तुमचा ओढा पुढे कृष्णेलाच मिळत असणार. तुमचे कामगार दिवसभर त्याच ऑइलने भरलेल्या हातांनी वावरतात आणि संध्याकाळी पेट्रोलने हात धुतात, हेही आलंच. नायट्राइलचे हातमोजे आणि हात धुवायची पेस्ट एवढं तरी उद्यापासून करा.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल पहिल्या अनुसूचीत ५.१ क्रमांकावर आहे. ऑइलने माखलेल्या चिंध्या आणि कॉटन वेस्ट ३३.२ वर. असा माल साधारणपणे ९० दिवसांहून जास्त साठवायचा नाही, ड्रमवर लेबल लावायचं, नोंद ठेवायची आणि उचलून नेताना मॅनिफेस्ट नावाचा कागद करायचा. १ एप्रिल २०२४ पासून आणखी एक बदल झाला. वापरलेलं ऑइल गोळा होऊन पुन्हा शुद्धीकरणाला जाईल, ही जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या-विकणाऱ्या कंपन्यांवर आली. त्यासाठी गोळा करणारे एजंट आणि रिसायकलर यांना नोंदणी करावी लागते. त्यामुळे तुमच्या काळ्या ऑइललाही सरळ मार्गाने गिऱ्हाईक मिळू शकतं. शटरिंगवाल्याइतका भाव येईलच असं नाही, पण हातात पावती येते.

ही पावती मुलाच्या करिअरला कशी उपयोगी पडते? अधिकृत डीलरच्या वर्कशॉपमध्ये वर्क्स मॅनेजर नावाचा माणूस असतो. गाड्या वेळेत सुटल्या की नाही हे तो बघतोच, पण प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती कधी संपते, ड्रम किती भरले, मॅनिफेस्टची फाइल पुरी आहे का, पेंट बूथचे फिल्टर कधी बदलले, हेही त्याच्याच गळ्यात असतं. आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र घेतलेल्या ठिकाणी तर ऑडिटर येऊन थेट गाडीवर काम करणाऱ्या मुलाला विचारतो, 'हा ट्रे भरल्यावर कुठे ओततोस?' मी मुलाखतीची तयारी करून घेताना आयटीआयच्या मुलांना हाच प्रश्न विचारतो. बरीच मुलं गोंधळतात. गिअरबॉक्सचं घडाघडा सांगतात आणि काढलेला कूलंट कुठे टाकतोस म्हटलं की 'बाहेर' म्हणतात. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोडसर आणि विषारी असतं. गॅरेजबाहेरच्या डबक्यातून कुत्रं ते पिऊन जाऊ शकतं.

तुमचा मुलगा इथे गोंधळणार नाही. फक्त त्याच्याकडे आज बोलणं आहे, काम केल्याचा पुरावा नाही. तो तुम्ही देऊ शकता. काळ्या ऑइलची एक वही घाला आणि त्याच्या ताब्यात द्या. तारीख, कुठल्या गाडीचं किती लिटर निघालं, ड्रम कधी भरला, कोणी नेला, पावती क्रमांक. बॅटऱ्यांना वेगळं पान. २०२२ च्या बॅटरी नियमांप्रमाणे जुनी बॅटरी ॲसिडसकट, न ओतता, विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवी. ते पाणी सल्फ्युरिक ॲसिड असतं आणि त्यात शिसं उतरलेलं असतं, त्यामुळे गटाराच्या बाबतीत मुलगा शंभर टक्के बरोबर आहे.

एसीच्या गॅसच्या बाबतीतही तो बरोबर आहे. व्हॉल्व्हच्या पिनेवर बारीक स्क्रूड्रायव्हर दाबला की फुस्स, सिस्टिम रिकामी! आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या एसीत आर-१३४ए हा गॅस असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात एक किलो गॅस साधारण १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका पडतो. गाडीत अर्धा किलो धरला, तर त्या एका फुस्समध्ये तीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं नुकसान होतं. तरीही गॅस रिकव्हरीचं मशीन घेण्याचा त्याचा हट्ट असेल, तर आत्ता ऐकू नका. महिन्याला मोजक्याच एसीच्या गाड्या येत असतील तर ते पैसे निघणार नाहीत. ज्याच्याकडे मशीन आहे त्याच्याकडे ते काम पाठवा.

वॉशिंगच्या पाण्याला मात्र थोडा खर्च कराच. रॅम्पखालून पाणी सरळ ओढ्यात जात असेल तर मधे तीन कप्प्यांची टाकी बांधा. पहिल्या कप्प्यात माती बसते, दुसऱ्यात ऑइल वर तरंगतं. दोन कप्प्यांमधला पाइप एल्बो लावून खाली तोंड करून ठेवायचा, म्हणजे पुढे जातं ते तळाजवळचं पाणी आणि तवंग मागेच अडतो. वरचं ऑइल अधूनमधून काढून काळ्या ऑइलच्या ड्रममध्ये टाकायचं. नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्यात ऑइल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत हवं असा दंडक आहे. गवंड्याने बांधलेली टाकी तिथपर्यंत पोचेलच असं नाही, पण सुरुवात इथूनच होते. टाकीचं रेखाचित्र मुलाला काढू द्या. आयटीआयला ड्रॉइंग शिकवलेलंच असतं.

आता पुढची वाट. परीक्षा झाली की अप्रेंटिसशिप, आणि ती तुमच्या गॅरेजमध्ये नको, बाहेर. एसटीच्या आगारांत आणि दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळेत मोटर मेकॅनिकच्या जागा निघतात. कंपन्या आणि अधिकृत डीलरही घेतात. माझा कल डीलरकडे आहे, तोही डेंटिंग-पेंटिंग असलेल्या वर्कशॉपकडे, कारण थिनर, पुट्टीची धूळ, पेंटचा गाळ हे सगळं तिथे बघायला मिळतं. त्यानंतर दोन वाटा. दोन वर्षांच्या आयटीआयवर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल घेतलं की सर्व्हिस ॲडव्हायझर, सुपरवायझर आणि पुढे वर्क्स मॅनेजरपर्यंत जाता येतं. शिकवायची आवड असेल (आणि तुमच्या पत्रावरून ती भरपूर दिसते!) तर सीआयटीएस हा निदेशकांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून आयटीआयला शिकवता येईल.

तिसरी वाट अजून कच्ची आहे, पण लक्ष ठेवा. जुन्या गाड्या मोडीत काढायच्या नोंदणीकृत केंद्रांसाठी २०२१ मध्ये नियम झाले आणि आयुर्मान संपलेल्या गाड्यांचे पर्यावरणविषयक नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. गाडी दाबून तिचा पत्रा करण्याआधी तिच्यातलं इंधन, ऑइल, कूलंट, एसीचा गॅस, बॅटरी हे सगळं नीट काढून घ्यावं लागतं. गाडीत काय कुठे आहे हे माहीत असलेला मेकॅनिकच ते धडपणे करू शकतो.

इलेक्ट्रिक गाड्यांचं लोक म्हणतात ते अर्धंच खरं आहे. इंजिन ऑइल जाईल, पण गिअरचं ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, एसीचा गॅस, टायर राहणारच. वर हाय व्होल्टेज बॅटरी येते. अपघातात चेपलेली लिथियम बॅटरी उशिराही पेट घेऊ शकते, म्हणून तशी गाडी इतर गाड्यांपासून लांब, उघड्यावर उभी करावी लागते. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी सिस्टिम बंद कशी करायची, हे शिकवणारा छोटा कोर्स त्याने अप्रेंटिसशिपनंतर जरूर करावा. तुमचे कोर्सचे पैसे तिथे घाला.

पत्र त्यालाही वाचायला द्याल, म्हणून दोन शब्द त्याच्यासाठी. बाळा, गिऱ्हाइकासमोर वडिलांची चूक काढायची नाही. गॅरेज त्यांच्या नावावर चालतं, जे बोलायचं ते शटर ओढल्यावर. एका बाबतीत मात्र गिऱ्हाइकासमोरही ठाम राहा. बीएस-६ डिझेल गाडीचा मालक 'डीपीएफ काढून टाक, सेन्सरला चकवा दे' म्हणाला तर ते काम घ्यायचं नाही. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. तो का चोंदतो ते त्याला समजावून सांग. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच फिरत असेल तर फिल्टर पुरेसा तापत नाही आणि साठलेली काजळी जळत नाही. पुष्कळदा हायवेवर सलग अर्धा-पाऊण तास चालवून आणली की दिवा विझतो. दिवा तरीही राहिला तर स्कॅनर लाव, इंजेक्टर आणि टर्बो बघ. गाडीची चाल सुधारली की तो मालक पुढच्या वेळी तुलाच विचारत येईल.

शेवटी कागदाचं. तुमच्या आकाराच्या गॅरेजला आणि रॅम्पला नेमकी कोणती संमती लागते, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साताऱ्याच्या उपप्रादेशिक कार्यालयात विचारा. नोंदणीकृत ऑइल एजंटांची यादीही तिथेच मागा. जाताना गॅरेजचा परवाना, जागेचे कागद, पाण्याचं बिल आणि महिन्याभराची ती वही बरोबर ठेवा. मुलालाही घेऊन जा, आणि साहेबांशी बोलायचं काम त्याच्याकडेच द्या.